उरलेली साठ घरे

पालकहो, मुले गणितात मागे पडली की आपण म्हणतो, "पाठांतर कमी पडलं." खरेच तसे असते का?

आमच्या वस्तीतील समाजमंदिरात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तेथे नववीतील एका मुलीने (अ + ब)² चे उत्तर अ² + ब² असे लिहिले. खरे सूत्र तिने शाळेत पन्नास वेळा लिहून काढलेले होते. दहावीनंतर शिकायचे नाही, हेही तिने ठरवून टाकले होते. कारण एकच, गणित.

मी सूत्र सांगितले नाही. विचारले, "१३ चा वर्ग किती?"

"१६९."

"१३ म्हणजे १० अधिक ३. दहाचा वर्ग १००, तिनाचा ९. झाले १०९. उरलेले ६० कोणी नेले?"

ती गप्प. मग चौकटीच्या वहीवर तेरा घरे लांब, तेरा घरे रुंद असा चौरस काढायला लावला. दहाव्या घरापाशी एक उभी, एक आडवी रेघ ओढली. चार तुकडे पडले. मोठा चौरस १०० घरांचा, कोपऱ्यातला ९ घरांचा आणि ३०-३० घरांच्या दोन पट्ट्या. तिने बोटाने घरे मोजली. "सर, हेच ते २अब!"

वजाबाकीच्या सूत्रात शेवटी अधिक ब² का येते? मी बी.कॉम. झालो, पण शाळेत हे मला कळले नव्हते. मार्क मात्र मिळाले. १० × १० च्या चौरसातून एक उभी व एक आडवी ओळ काढा. वीस घरे गेली म्हणाल, तर कोपऱ्यातले घर दोनदा मोजले गेले. ते एकदा परत द्यायचे. १०० − २० + १ = ८१, म्हणजे नऊचा वर्ग. फरशी बसवणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच पटेल.

इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने बेरजेचे हे सूत्र असेच चौरस विभागून मांडले. अक्षरांचे बीजगणित फार नंतरचे. आपण मात्र मुलांना आधी अक्षरेच देतो.

आईला बीजगणित येत नाही म्हणून तिने दूर राहू नये. भाकरी थापता थापता "हे असंच का गं?" एवढे विचारावे आणि मुलीला सांगू द्यावे. ती जिथे अडखळेल, तिथे पान उलटायची घाई नको.

गेल्या आठवड्यात त्या मुलीने स्वतःहून चौरसाच्या बाजूंचे तीन-तीन भाग केले. तीन चौरस, सहा पट्ट्या. (अ + ब + क)² चे सूत्र तिने पुस्तक न उघडता लिहिले. अकरावीचे काय, ते मी अजून विचारलेले नाही.