९९ म्हणजे किती?

माझ्या पीएच.डी.च्या काळातली एक फाइल परवा संगणकावर उघडली. एका स्तंभात सरळ आकडे, आणि मधूनच ९९. ते मोजमाप खरोखरच ९९ होते, की त्या दिवशी मोजमाप घेतलेच नाही याची ती खूण होती? मलाच आठवेना. टिपणांची वही केव्हाच रद्दीत गेली होती. आकडे सगळे शाबूत, उपयोग मात्र शून्य!

माझ्या एकट्याच्या फाइलने फारसे बिघडत नाही. पण हजारो कुटुंबांना भेटून केलेल्या पाहणीचे असे झाले तर? त्या वर्षीची माणसे पुन्हा त्या वर्षी भेटत नाहीत. ब्रिटनमध्ये १९६७ साली एसेक्स विद्यापीठात अशा सामाजिक पाहण्यांच्या मूळ आकडेवारीचे भांडार सुरू झाले. २०१२ पासून तिथूनच ‘यूके डेटा सर्व्हिस’ ही राष्ट्रीय सेवा चालवली जाते. आकडेवारी जमा झाली की तिच्यासोबतची माहिती नीट लावली जाते. प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला होता? ‘उणे ९’ म्हणजे उत्तर दिले नाही, की प्रश्न लागूच नव्हता? काम कंटाळवाणे खरे, पण सगळी भिस्त त्यावरच.

हे कसब एका देशापुरते राहिले नाही. युरोपातल्या अशा भांडारांचा संघ १९७६ मध्ये स्थापन झाला. एसेक्सने आपल्यासाठी केलेला विषयवार शब्दसंग्रह पुढे अनेक युरोपीय भाषांत नेला गेला. त्यामुळे फिनलंडचा संशोधक आपल्या भाषेतला ‘बेकारी’चा शब्द घेऊन शोधायला बसला, तरी परक्या देशातली पाहणी त्याच्या हाती लागू शकते.

मग सगळेच सर्वांना खुले का करू नये? नावे तर काढलेलीच असतात! पण तेवढे पुरत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या गेल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड जुळवला, आणि खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली.

म्हणून ब्रिटिश सेवेत तीन पायऱ्या आहेत. काही आकडेवारी कोणालाही मिळते. काही नाव नोंदवून, अटी मान्य केल्यावर. सर्वांत नाजूक आकडेवारी मात्र प्रशिक्षण घेतलेल्या, मंजुरी मिळालेल्या संशोधकांनाच पाहता येते. ती सेवेच्या संगणकाबाहेर जात नाही. संशोधकाने केलेले कोष्टकसुद्धा तपासूनच बाहेर पडते. एखाद्या चौकटीत दोनच माणसे असतील, तर ते अडते. याचा संशोधकांना जाच होतो. मलाही झाला असता. तरी ही तपासणी मला योग्य वाटते.

वर्गात करून पाहा. प्रत्येकाच्या चपलेचा नंबर, भावंडांची संख्या आणि घरापासून शाळेचे अंतर, एवढेच नावांशिवाय फळ्यावर लिहा. कोण कोण ओळखू येते, ते मुलेच ओरडून सांगतील.