आधी छत, मग भिंत, शेवटी जमीन : गाळ्याच्या रंगकामाचा क्रम

आज आपण गटासाठी घेतलेल्या गाळ्याच्या रंगकामाबद्दल बोलणार आहोत. मसाला कांडप असो, पापड असोत की शिलाई, काम वाढलं की घरची पडवी पुरत नाही. मग गट एखादी शटरची खोली भाड्याने घेतो. आपल्या बजाजनगरात अशा खोल्या गल्लोगल्ली दिसतात. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसऱ्याने ही कामगार वस्ती वाढली. घराच्या खालच्या मजल्यावर गाडी लावायची जागा, तिलाच पुढे शटर लावून गाळा केलेला. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीतही तीच तऱ्हा.

अशी खोली ताब्यात आली की पहिला प्रश्न येतो : आधी भिंती रंगवायच्या की आधी जमिनीला कोटिंग करायचं? रंगारी म्हणतो भिंती, कोटिंगवाला म्हणतो जमीन, आणि भाडं तर पहिल्या दिवसापासून चालू झालेलं असतं. घाईत क्रम चुकला की सहा महिन्यांत कोटिंगचे पोपडे निघतात. मग चक्की हलवा, काम बंद ठेवा, आणि बचतीतले पैसे पुन्हा त्याच जमिनीत घाला.

खरं तर याचं उत्तर आपल्या हाताला ठाऊक आहे. दिवाळीला आपण आधी जळमटं काढतो, मग भिंतीला पोतेरा देतो आणि शेवटी जमीन सारवतो. सारवतानाही आतल्या कोपऱ्यापासून मागे मागे सरकत दाराशी येतो. गाळ्याचंही तसंच. फक्त एक फरक आहे. कोटिंगच्या आधी जमीन घासावी लागते आणि तिची धूळ घरभर उडते. म्हणून जमिनीचं काम दोन तुकड्यांत करायचं : घासणं सगळ्यात आधी, कोटिंग सगळ्यात शेवटी. छत आणि भिंती या दोन्हींच्या मधे.

आता एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी आहे ओल तपासण्याची, आणि ती डिपॉझिट देण्याआधीच करावी. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक कोब्यावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर जमिनीतून ओल वर येते आहे. अशा जमिनीवर कितीही महाग कोटिंग लावा, ते सुटणारच. भिंतीच्या पायथ्याला पांढरा लोणा दिसला तरी तेच समजा. आधी ओलीचं कारण काढायचं, मालकाशी बोलायचं. कोबा नवा असेल तर किमान २८ दिवस झाल्याशिवाय कोटिंग नको. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळा; दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले.

दुसरी पायरी तोडफोडीची. वायरिंग, फळ्यांसाठी भिंतीला भोकं, शटरचं वेल्डिंग, गळकी पाइपलाइन हे सगळं आत्ताच उरका. रंगानंतर पाडलेलं एक भोकही डाग ठेवून जातं.

तिसरी पायरी जमीन घासण्याची. गाडी लावायच्या खोलीत तेलाचे डाग हमखास असतात. ते आधी धुण्याच्या सोड्याने घासून काढा, कारण तेलावर कोटिंग धरत नाही. मग मशिनने कोबा खरबरीत करून घ्या. घोटलेला गुळगुळीत कोबा छान दिसतो, पण कोटिंगला पकडायला त्यात जागाच नसते. मशिन चालू असताना नाकातोंडाला चांगला मास्क लावा. ही सिमेंटची धूळ छातीत बसते. धूळ झाडून, पुसून घ्या आणि जमीन पूर्ण वाळू द्या. शाबूत शहाबादी फरशी असेल तर कोटिंगचा खर्च करूच नका, फक्त सांधे भरून घ्या.

चौथी पायरी छत आणि भिंतींची. जमिनीवर ताडपत्री अंथरा. जुना चुना असेल तर तो खरवडलाच पाहिजे, नाहीतर नवा रंग त्याच्यासकट गळून पडतो. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. आधी छत, मग भिंती वरून खाली. भिंतीच्या तळाची चार बोटं पट्टी मात्र पुट्टी न लावता कोरी ठेवायला सांगा. शेवटी कोटिंग त्या पट्टीवर चढवलं की कोपऱ्यात पाणी मुरत नाही, मसाल्याची भुकटी अडकत नाही. शटर याच दिवसांत रंगवून, तेलपाणी करून घ्या. शटरचा किंवा दाराचा रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते जास्त असू शकतं. पोरांना तिथे फिरकू देऊ नका.

पाचवी पायरी कोटिंगची. भिंती वाळल्या की ताडपत्री काढा, सांडलेला रंग खरवडा, पुन्हा झाडून पुसा. इपॉक्सी कोटिंगचे दोन डबे येतात. ते एकत्र केले की मिश्रण घट्ट व्हायला लागतं आणि आपल्याकडच्या उन्हात आणखी लवकर. म्हणून डब्यावरच्या प्रमाणात थोडं थोडंच कालवायचं आणि सकाळी काम धरायचं. आतल्या भिंतीपासून शटरकडे यायचं. शटर पूर्ण उघडं हवं, जवळ शेगडी किंवा विडी नको, हातात मोजे हवेत. गरोदर बाई आणि लेकरं लांब राहू देत.

मालाचा अंदाज आपणच काढावा. समजा खोली १० बाय २० फूट आणि उंची १० फूट. चार भिंती मिळून ६०० चौरस फूट. त्यातून ८ बाय ८ चं शटर वजा केलं की ५३६ उरले. छताचे २०० मिळवले की ७३६. जमीन वेगळी, २०० चौरस फूट. डब्यावर एक लिटर किती चौरस फुटांना पुरतो ते लिहिलेलं असतं, त्याने भागायचं. दोन हात असतील तर दुप्पट.

आणि दिवस मोजताना वाळण्याचे दिवस धरा. कोटिंगवर साधारण एका दिवसाने चालता येतं, पण चक्की किंवा पोत्यांची थप्पी ठेवायला आठवडाभर थांबावं. सगळं मिळून तीन आठवडे लागतात असं धरून चाला. म्हणून करार करतानाच मालकाला विचारा : रंगकामाच्या दिवसांचं भाडं माफ कराल का? आणि चक्कीवाल्याला तारीख द्यायची ती कोटिंगच्या आठ दिवसांनंतरची.

येत्या बैठकीत या पाच पायऱ्या वहीत लिहा, प्रत्येकीसमोर तारीख आणि लक्ष ठेवणाऱ्या बाईचं नाव घाला. रंगारी आणि कोटिंगवाला दोघांनाही तोच कागद दाखवा. आधी कोण आणि मग कोण, हे त्यांच्या सोयीने नाही, आपल्या वहीप्रमाणे ठरू द्या.