परदेशी लष्करी कारवाईस विधिमंडळीय विरोध

परदेशी लष्करी कारवाईस विधिमंडळीय विरोध : देशाच्या संरक्षणाची निकड नसताना सैन्य सीमेबाहेर पाठविण्यास कायदेमंडळाच्या सदस्यांनी, बहुधा पक्षभेद बाजूस ठेवून, केलेला विरोध. खर्चास मंजुरी नाकारून, ठरावाने आपली असंमती नोंदवून किंवा पूर्वसंमतीची अट कायद्यातच घालून तो व्यक्त करण्यात येतो. असा विरोध करणारे सर्वच सदस्य युद्धमात्राचे विरोधक असतात असे नाही. भारतात तर या वादाचा गाभा, सैनिक कोणाच्या हुकुमाने व कोणाच्या पैशाने पाठवावयाचा, हाच राहिला.

ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे आला, तेव्हाच्या १८५८च्या कायद्यात ५५व्या कलमाने एक बंधन घालण्यात आले होते. प्रत्यक्ष आक्रमणाचे निवारण किंवा अन्य आकस्मिक व तातडीची गरज वगळता, भारताचा महसूल सरहद्दीबाहेरील मोहिमांवर ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून खर्च करता येत नसे. या अपवादांतूनच पुढे वाट काढली गेली. १८७८ मध्ये डिझरेलीच्या हुजूरपक्षीय सरकारने सु. ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला पाठविले. त्यास उदारपक्षाने संसदेत हरकत घेतली. पण तिचा ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळण्यात आला. त्याच उदारपक्षाच्या ग्लॅडस्टन सरकारने १८८२ मध्ये ईजिप्तच्या मोहिमेत हिंदी पलटणी वापरल्या व खर्चाचा वाटा भारतावर टाकला. विरोधी बाकांवरील तत्त्व सत्तेच्या बाकांवर टिकेलच, याची शाश्वती नसते.

भारतीयांचा आक्षेप प्रथम खर्चाच्या बाजूने पुढे आला. वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी लष्करी खर्चाच्या वाढत्या बोजावर टीका केली. दादाभाई नवरोजी हे त्या आयोगाचे सदस्यच होते. मार्च १९२१ मध्ये नव्या मध्यवर्ती विधानसभेत सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मांडलेल्या ठरावांत, हिंदी सैन्याचे प्रयोजन देशाचे संरक्षण व अंतर्गत शांतता एवढेच असावे. अन्य कामांसाठी भारताचे दायित्व स्वयंशासित वसाहतींप्रमाणे ऐच्छिक मानावे, असा आग्रह होता. अय्यर हे नेमस्त होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९२७ मध्ये हिंदी सैन्य शांघायला पाठविले गेले, तेव्हा विधानसभेतील तहकुबीच्या ठरावास व्हाइसरॉयने परवानगीच नाकारली. ऑगस्ट १९३९ मध्ये ईजिप्त व सिंगापूरकडे तुकड्या रवाना झाल्या, त्या वेळी काँग्रेसने आपल्या सदस्यांना विधानसभेच्या पुढील अधिवेशनापासून दूर राहण्याचा आदेश दिला.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी, कोणत्याही भारतीय कायदेमंडळाचा सल्ला न घेता, भारत युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरचा मुंबई प्रांतातील वाद या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. महिनाभरात, २ ऑक्टोबर रोजी, साम्यवादी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सु. ९०,००० कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. भायखळा, लालबाग, परळ या गिरण्या व चाळींच्या वस्तीत हा विरोध रस्त्यावर आला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी, भारताला लोकांच्या संमतीशिवाय युद्धात गोवल्याबद्दल व प्रांतिक सरकारांच्या अधिकारांवर बंधने आणल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव प्रांतिक विधानसभेत मांडला. संरक्षण हा विषय प्रांतांच्या कक्षेबाहेरचा असल्याने ठरावाचे बळ केवळ मतप्रदर्शनाचे होते. पुढे नोव्हेंबरच्या आरंभी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

भायखळा व परळ मतदारसंघातील राखीव जागेवरून १९३७ मध्ये निवडून आलेले स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी २६ ऑक्टोबर रोजी या ठरावावर भाषण केले. संमती देण्याघेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाकडे त्यांचा रोख होता. काँग्रेसने सर्व देशाच्या वतीने बोलावे, हे त्यांना मान्य नव्हते. देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला, तर आपण अस्पृश्यांच्या हिताला अग्रक्रम देऊ, असे त्यांनी सभागृहात स्पष्टपणे सांगितले. त्यामागे सैन्याशी निगडित असा अनुभवही होता. ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात पूर्वी मोठ्या संख्येने असलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबविली गेली होती, आणि आंबेडकरांचे वडील स्वतः सैन्यात सुभेदार होते. भरतीत लढाऊ व बिगरलढाऊ जाती असा भेद नसावा, ही त्यांची मागणी होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यामुळे त्यांना युद्धविरोधी सदस्यांत सरसकट जमा करणे चुकीचे ठरेल. तसेच केवळ सरकारचे पाठीराखे म्हणणेही.

भूमिका झपाट्याने बदलल्या. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएट रशियावर आक्रमण केल्यानंतर साम्यवादी पक्षाने वर्षअखेरीस त्याच युद्धाला लोकयुद्ध मानले. काँग्रेसचे नेते ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. याउलट १९४५ मध्ये डचांची सत्ता परत येण्यास साहाय्यभूत होईल अशा रीतीने हिंदी सैनिकांचा इंडोनेशियात वापर होऊ लागला, तेव्हा काँग्रेस व मुस्लिम लीग या एरवी परस्परविरोधी पक्षांच्या नेत्यांनी एकाच वेळी त्याचा निषेध केला.

स्वतंत्र भारताच्या संविधानात युद्ध व शांतता हा विषय संघसूचीत असून सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. परदेशी सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, अशी तरतूद मात्र त्यात नाही. १८५८च्या कायद्यातील बंधन, ते कितीही तोकडे असले तरी, निदान लेखी होते. अमेरिकेत व्हिएटनाम युद्धाच्या अनुभवानंतर १९७३ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी दोन-तृतीयांश बहुमताने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकारविषयक ठराव संमत केला. त्यानुसार सैन्य युद्धात उतरविल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळविणे व मंजुरी न मिळाल्यास सर्वसाधारणपणे ६० दिवसांत कारवाई थांबविणे बंधनकारक आहे. या मुदतीचे पालन किती होते, हा तेथेही वादाचा मुद्दा आहे. २९ जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानुसार गेलेली भारतीय शांतिसेना कार्यकारी निर्णयाने गेली. मार्च १९९० मध्ये ती परत येईपर्यंत सु. १,२०० जवान मृत्युमुखी पडले.

अलीकडील काळात सर्वपक्षीय मतैक्य झाले ते इराकच्या प्रश्नावर. अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी २० मार्च २००३ रोजी इराकवर हल्ला सुरू केल्यानंतर ८ एप्रिल रोजी लोकसभेने त्या लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव संमत केला. त्या वेळी मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून निवडून आलेले मनोहर जोशी सभापती होते. ठरावातील शब्दयोजनेवर पक्षांत बरीच ओढाताण झाली. सत्ताधारी आघाडीला सौम्य, तर विरोधकांना कडक शब्द हवा होता. अखेर हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द आला व इंग्रजीत त्याहून मवाळ पर्याय योजला गेला. शब्दांच्या या तडजोडीचा उपहास झाला. परंतु त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्याची मागणी केली, तेव्हा १४ जुलै २००३ रोजी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाअभावी ती अमान्य केली.