तप कीं दशक?

गांधीजींनीं सेवाग्रामीं एक तप काढलें, असें वाक्य नुकतेंच आमच्या वाचनांत आलें. इंग्रजी 'डिकेड'चें हें भाषांतर दिसतें. महात्माजींविषयीं लिहितांना 'तप' शब्दाचा मोह पडावा हें स्वाभाविक. पण तप बारा वर्षांचें, डिकेड दहाच वर्षांचें. गांधीजी १९३६ सालीं तेथें, म्हणजे त्या वेळच्या शेगांवीं, आले आणि १९४६ च्या ऑगस्टांत जे गेले ते परतले नाहींत. शिवाय मध्यें आगाखान महालांतील बंदिवास! तेव्हां दशकच म्हणावें. 'सेंचुरी'स शतक हा शब्द निर्धोक, कारण लॅटिन सेंटम् आणि संस्कृत शतम् हीं सख्खीं भावंडें. 'मिलेनियम'स सहस्रक शोभतें. मात्र आमच्या तपास इंग्रजींत रूढ प्रतिशब्दच नाहीं. तेथें बिचाऱ्या भाषांतरकारास 'बारा वर्षें' असेंच लिहावें लागतें.