अभियांत्रिकी शिक्षण संशोधन

अभियांत्रिकी शिक्षण संशोधन ही अभियांत्रिकीच्या अध्यापनाचा व अध्ययनाचा पद्धतशीर अभ्यास करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. विद्यार्थी संकल्पना कशा आत्मसात करतात, कोठे अडखळतात, कोणती अध्यापनपद्धती अधिक परिणामकारक ठरते आणि काही विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट का सोडतात, हे तिचे प्रमुख प्रश्न होत. अभियांत्रिकीबरोबरच मानसशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र यांच्या पद्धती तीत वापरल्या जातात. अध्यापनातील बदल केवळ परंपरेवर किंवा वैयक्तिक अनुभवावर न सोपवता पुराव्याच्या आधारे व्हावेत, ही या शाखेची मूळ भूमिका आहे.

इतिहास

अभियांत्रिकीच्या शिक्षकांची पहिली मोठी संघटना १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे स्थापन झाली. १९४६ पासून ती 'अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग एज्युकेशन' या नावाने ओळखली जाते. दीर्घकाळ या क्षेत्रातील लेखन मुख्यत्वे शिक्षकांचे अनुभव व अभ्यासक्रमाची रचना यांपुरते मर्यादित होते. स्वतंत्र संशोधनशाखा म्हणून तिला विसाव्या शतकाच्या अखेरीस आकार येऊ लागला. २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठ व व्हर्जिनिया टेक येथे अभियांत्रिकी शिक्षणाचे स्वतंत्र विभाग सुरू झाले.

प्रमुख निष्कर्ष

संकल्पनांचे आकलन : सूत्र वापरून अचूक उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामागील संकल्पना समजलेली असतेच असे नाही. एकाच खोलीत दीर्घकाळ ठेवलेल्या धातूच्या व लाकडाच्या वस्तूंचे तापमान समान असते; तरी धातू हाताला अधिक थंड लागतो म्हणून त्याचे तापमान कमी आहे, असा समज उष्णतेची गणिते सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. असे गैरसमज ओळखण्यासाठी संकल्पना-चाचण्या तयार करण्यात आल्या. यांत्रिकीतील बलाच्या संकल्पनेवरील १९९२ ची डेव्हिड हेस्टेनिस व सहकाऱ्यांची चाचणी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

सक्रिय अध्ययन : स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ व्याख्यानपद्धती असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर चर्चा, गटकार्य वा प्रश्नोत्तरे यांचा समावेश असलेल्या वर्गांत ते २१.८ टक्के आढळले. अनुत्तीर्ण होण्याचे कारण केवळ विद्यार्थ्याची क्षमता नसून अध्यापनपद्धतीही असते, असे यावरून दिसते.

अवकाशीय आकलन : वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता अभियांत्रिकी आलेखनात आवश्यक असते. ती जन्मजात मानली जात असे. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी व बेव्हरली बार्टमन्स यांनी १९९३ मध्ये या चाचणीत मागे पडलेल्या नवागत विद्यार्थ्यांसाठी पूरक अभ्यासक्रम सुरू केला. अशा विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण तुलनेने अधिक होते. अल्पकालीन सरावाने ही क्षमता वाढते आणि प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनी अभियांत्रिकीत टिकून राहण्याचे प्रमाणही वाढते, असे पुढील अभ्यासांत दिसून आले.

भारतातील स्थिती

२०१४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन मंडळामार्फत भारत 'वॉशिंग्टन करारा'चा स्थायी सदस्य झाला. त्यानंतर, काय शिकवले यापेक्षा विद्यार्थी काय करू शकतो यावर भर देणाऱ्या फलनिष्पत्तीआधारित शिक्षणाला अधिमान्यतेच्या प्रक्रियेत महत्त्व आले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएच.डी. स्तरावरील संशोधन चालते. २०२१-२२ पासून काही महाविद्यालयांना मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे माध्यमभाषेचा संकल्पनांच्या आकलनावर होणारा परिणाम हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा व टीका

या क्षेत्रातील बरेचसे संशोधन अमेरिकेत व युरोपात झालेले असल्याने, मोठे वर्ग व अपुऱ्या प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयांना त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होतील असे नाही. काही लोकप्रिय कल्पनाही पुराव्याच्या कसोटीवर टिकलेल्या नाहीत. रिचर्ड फेल्डर व लिंडा सिल्व्हरमन यांनी १९८८ मध्ये मांडलेले अध्ययनशैलींचे प्रारूप अभियांत्रिकी शिक्षकांत मान्यता पावले. तथापि प्रत्येकाच्या शैलीनुसार शिकवल्याने अध्ययन सुधारते या गृहीतकाला पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याचे मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या एका परीक्षणात दाखवून दिले.