पेटीच्या पोटातला पावसाळा

चतुर्थी दोन दिवसांवर आली की मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या वाडीवाडीत एक काम हमखास निघतं. देवळातल्या नाहीतर बुवांच्या घरातल्या कपाटातून भजनाची पेटी बाहेर येते. खोक्याची कडी निघते, झाकण वर होतं आणि जवळ उभा असलेला माणूस तोंड फिरवतो. "पेटीक वास मारता रे!" ओलीचा कुबट वास, त्यात झुरळांचा दर्प आणि कुठेतरी खोल उंदराची लेंडी. मग कुणी अगरबत्ती लावतो, कुणी अत्तर शिंपडतो, कुणी डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकतो. रात्री त्याच पेटीवर गजर सुरू होतो आणि भात्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर तो वास, आता अत्तर आणि डांबर मिसळून, गाणाऱ्याच्या तोंडावर येत राहतो.

हा वास केवळ हवेचा दोष नाही. हवा दमट आहेच. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुप्पट. किनाऱ्यावर जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि बुरशीला साधारण सत्तर टक्के पुरतात. पण याच हवेत रोज वाजणाऱ्या पेट्या ठणठणीत राहतात. वास येतो तो बंद पेटीला. वाडीतली गाणारी-वाजवणारी पोरं मुंबईत. शिमग्याला, फार तर मे महिन्यात ती येतात, पेटी निघते, वाजते. जूनमध्ये कपाटाला कुलूप लागतं ते चाकरमानी चतुर्थीला परत येईपर्यंत. म्हणजे पेटी बंद राहते ती नेमकी वर्षातले सगळ्यात ओले तीन महिने.

पेटी मुळात इथली नाही, थंड देशातली. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबां यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते खुर्चीवर बसून पायाने भाता हलवायचं वाद्य होतं. कलकत्त्यात १८७५ साली 'द्वारकिन' सुरू करणाऱ्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. पायाच्या पेटीचा वंश आपल्याकडे दशावताराने टिकवला. पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्याशिवाय दशावतार उभा राहत नाही. मींड निघत नाही म्हणून १९४० ते १९७१ पेटीला आकाशवाणीचं दार बंद होतं. कोकणातल्या भजनाला त्या वादाचं कधी काही वाटलं नाही. इथे पेटी लागते ती पंधरावीस जणांच्या कोरसला सूर धरून देण्यासाठी आणि डबलबारीत समोरच्या बुवाला उत्तर देण्यासाठी.

या वाद्याच्या पोटात काय काय असतं ते एकदा मागचे स्क्रू काढून बघावं. सागवानाची किंवा देवदाराची चौकट, तिला बाहेरून पॉलिश पण आतून कोरं लाकूड. भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या, वर कापड चिकटवलेलं, कोपऱ्यांना आणि झडपांना पातळ कातडं. पट्ट्यांखाली फेल्टचे तुकडे. हे सगळं जुन्या पेट्यांमध्ये सरसाने जोडलेलं, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने. सरस ओल धरतो, बुरशीला खाद्य पुरवतो आणि झुरळांनाही आवडतो. कोरं लाकूड, पुठ्ठा, फेल्ट हे तिन्ही हवेतला वास शोषून धरून ठेवणारे पदार्थ. त्यांच्या मधोमध सुरांची पाटी: पितळी चौकटीत बसवलेल्या पितळी जिभा. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर हिरवट कळंक चढतो आणि खालच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात.

सतार, तबला, गिटार ही वाद्यं खोलीतल्या हवेत नुसती असतात. पेटी ती हवा ओढून घेते. बाहेरचा भाता खोलीतली हवा आत घेतो, आतल्या भात्यात साठवतो, पट्टी दाबली की ती हवा जिभेखालून वर उसळते आणि सूर निघतो. फुप्फुसाचंच काम. त्यामुळे चुलीचा धूर, विडीचा धूर, धूप, धूळ, बुरशीचे कण सगळं आत जातं आणि थोडंथोडं तिथेच राहतं. उलट बाजूने पाहिलं तर तिला स्वतःला हवेशीर ठेवायचं यंत्रही तिच्यातच बसवलेलं आहे. आषाढात आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पेटी वाजवली तर ओलसर हवा आत कोंडून राहत नाही. एवढी साधी गोष्ट वाडीत कुणी नसल्यामुळे राहून जाते.

वास घालवायचा तर तो कशाचा हे आधी ओळखावं लागतं. इथे बहुतेकांची गल्लत होते आणि सगळ्यांवर एकच औषध ओतलं जातं.

कुबट वास बुरशीचा. तो सुकवण्याने जातो, सुगंधाने नाही. मासळीचा वास वेगळा. कोकणी घरात पावसाची बेगमी माळ्यावर असते: सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं. पेटी किंवा गिटारही पुष्कळदा त्याच माळ्यावर चढवलेली असते. सुक्या मासळीचा वास अल्कधर्मी असतो आणि तो आंबटाने मरतो. बांगड्याला सोलं लावणाऱ्या प्रत्येक घराला हे हाताने ठाऊक आहे. उंदराच्या मुताचा अमोनियाही अल्कधर्मीच. उलट माणसाच्या घामाचा, जुन्या तेलकट अस्तराचा खवट वास आम्लधर्मी. त्यावर खायचा सोडा चालतो, व्हिनेगर चालत नाही. धुराचा वास चिकट काजळीत असतो. ती पुसून काढल्याशिवाय दुसरा उपाय नाही.

आता प्रत्यक्ष काम. पावसाने उघडीप दिलेला दिवस निवडावा. श्रावणात असे दिवस मिळतात. पेटी खोक्यातून काढून पडवीत ठेवावी, खळ्यात उन्हात नाही. कडक उन्हाने ओलं लाकूड एका बाजूने आधी सुकतं, वाकतं आणि सांधे सुटतात. खोकं मात्र खुशाल उन्हात टाकावं, झाकण सताड उघडं, उपडं-उताणं करून. उन्हाने त्यातली बुरशी मरते. नाकाला फडका बांधून पेटीवरची बुरशी कोरड्या ब्रशने झाडावी. ओल्या फडक्याने ती पुसली जात नाही, पसरते. मग भात्याची कडी काढून तो पूर्ण उघडा ठेवावा, समोर पंखा लावावा, दिवसभर. संध्याकाळी सगळ्या खुंट्या ओढून, दोन्ही हातांच्या पंजांनी जमतील तितक्या पट्ट्या दाबून दुसऱ्याकडून भाता जोरात मारून घ्यावा. त्या गोंगाटाने पोटातली कोंडलेली हवा बदलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.

कातड्यावर बुरशी असेल तर स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला फडका फिरवता येतो. पण बाहेरच्या लाकडावर स्पिरिट लागता कामा नये. जुन्या पेट्यांचं पॉलिश लाखेचं, आणि लाख स्पिरिटातच विरघळवून ते पॉलिश करतात. ज्याने चढलं त्यानेच ते उतरतं. चकाकी गेलेला पांढुरका डाग पडलेल्या पेट्या वाडीवाडीत दिसतात. बहुतेकांचं कारण अशीच एखादी उत्साही सफाई.

सुरांना हात लावायचा मोह आवरावा. जिभेचं टोक खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. चाकूने कळंक काढायला गेलेला माणूस वास काढण्याच्या नादात पेटी बेसूर करून ठेवतो. जिभेखाली कोरड्या कागदाची पट्टी अलगद सरकवून धूळ काढणं घरी जमतं. त्यापुढचं काम कारागिराचं. उंदराने भिजवलेलं फेल्ट आणि कुजलेला पुठ्ठा यांच्याशी झगडू नये. ते बदलावेत. त्यांच्यातला वास कुठल्याही उपायाने जात नाही आणि नवं फेल्ट महाग नसतं.

उरलासुरला वास काढायला सगळ्यात चांगली वस्तू आपल्याच परसात पडलेली असते. नारळाची करवंटी. करवंटीचा कोळसा उच्च तापमानाला वाफेतून काढला की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. अशा सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे पृष्ठभाग असतो आणि वासाचे कण त्याला चिकटून बसतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत हाच करवंटीचा कोळसा भरलेला असे. मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. पातळ सुती पिशवीत दोन मुठी बांधून पेटीशेजारी खोक्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं. आठदहा दिवसांनी फरक कळतो. चुलीतला साधा कोळसाही काम करतो, फक्त कमी, आणि त्याची काजळी लागू नये म्हणून पिशवी दुहेरी हवी.

डांबराच्या गोळ्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यांनी झुरळं पळतात हे खरं. पण त्यांची वाफ कोऱ्या लाकडात आणि फेल्टमध्ये मुरते आणि वर्षानुवर्षं निघत नाही. भजनाला बसलेला माणूस ती छातीभर ओढत असतो. पोथ्यांच्या रुमालात आपल्याकडे वेखंडाचे तुकडे ठेवत आले. तीच पुरचुंडी पेटीच्या खोक्यात ठेवावी.

गिटारचंही याहून फार निराळं नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या, सावंतवाडीच्या पोरांच्या हातात आता गिटार सर्रास दिसते. पुष्कळदा ती गोव्याहून किंवा मुंबईहून जुनी घेतलेली असते, आणि केस उघडली की वासाने डोकं उठतं. तिथे आधी संशय केसवर घ्यावा. प्लायवूडच्या चौकटीवर फोम, फोमवर मखमल, मध्ये गोंद: वास बसतो तो या थरांत. गिटार बाहेर काढून आठवडाभर उघड्यावर ठेवा. तिचा वास उतरला आणि केसचा तसाच राहिला तर गुन्हेगार सापडला. रिकाम्या केसला ऊन द्यावं, सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. मासळीचा किंवा उंदराचा वास असेल तर सोड्याऐवजी रिकाम्या केसमध्ये व्हिनेगरची वाटी ठेवून झाकण लावावं. रिकाम्याच, कारण त्या आंबट वाफेने तारा आणि पितळी भाग खराब होतात. नंतर केस चांगली वाळू द्यावी. फोमचा भुगा पडू लागला असेल तर केस टाकून द्यावी. तिच्यात पुन्हा ठेवलेली स्वच्छ गिटार महिन्याभरात पूर्ववत होते.

गिटारच्या पोटातलं लाकूडही कोरं असतं. भोकातून मूठभर कोरडे तांदूळ आत टाकून हलवायचे आणि पुन्हा बाहेर पाडायचे. त्यांच्याबरोबर धुळीचे गोळे, कोळिष्टकं, कधी मेलेली पाल निघते. बरेचदा वास त्या गोळ्यांतच असतो. जुन्या तारा काढून टाकाव्यात, त्यांच्यावर आधीच्या वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम साचलेला असतो. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या गिटारीवरची सेल्युलॉइडची पट्टी कापूर घालून केलेली असते, तिला कापराचा मंद वास असणारच. तो घालवायला जाऊ नये. तीच पट्टी आंबूस वास मारू लागली, घामेजली, तर ती कुजते आहे. ती लगेच काढून वेगळी ठेवावी, कारण तिच्या वाफेने शेजारचं धातूकाम खाल्लं जातं.

हे सगळं झाल्यावर पुढच्या पावसाचा प्रश्न उरतो. पूर्वी कपाटात पंधरा वॅटचा पिवळा बल्ब जळत ठेवायची रीत होती. त्याच्या उबेने कपाट कोरडं राहायचं. आता सगळीकडे एलईडी आले, त्यांचा उजेड पडतो पण ऊब नाही, आणि बल्ब लावलाय म्हणून निर्धास्त राहिलेल्या मंडळांच्या पेट्यांना बुरशी येते. फिलामेंटचा बल्ब मिळाला तर तो लावावा, लाकडापासून आणि कापडापासून हातभर लांब. नाहीतर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलला की त्या भरल्या, कढईत मंद आचेवर कोरड्या करून परत वापरता येतात. पेटी जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. चिऱ्याच्या भिंतीतून ओल झिरपत येते.

पण बल्ब आणि पुड्या ही दुय्यम व्यवस्था. देवळाच्या कपाटाची चावी मुंबईतल्या अध्यक्षाच्या खिशात किंवा एखाद्या बंद घराच्या खुंटीवर राहते, ती आधी सोडवली पाहिजे. गावोगावी आता महिलांची भजनी मंडळं आहेत, त्यातल्या बायका गावातच राहतात. दहावी-बारावीची मुलं गावात आहेत, त्यांना पेटी शिकायचीही असते, फक्त कुणी हात लावू देत नाही. भजनी मंडळांना माझी विनंती आहे की या वर्षी गणपतीचा पाट रिकामा झाल्यावर जी सभा घ्याल तिच्यात एक ठराव करा: जून ते ऑगस्ट पेटीची चावी गावात राहणाऱ्या माणसाकडे, आणि आठवड्यातून दोनदा तिला वाजवण्याची मुभा.