वतन: एका शब्दात मावलेला गावगाडा

अरबीत ‘वतन’ म्हणजे माणूस जिथला रहिवासी ती जागा, मायभूमी. हिंदी-उर्दूत तो अर्थ आजही शाबूत आहे. आपल्याकडे, दख्खनेत, याच शब्दात अख्खा गावगाडा मावला. पिढीजात काम, त्या कामापोटी मिळालेली जमीन, रयतेकडून घ्यायचे हक्क आणि चारचौघांत मिळायचा मान, हे सगळं मिळून एक वतन. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, महारकी ही त्याचीच रूपं.

थक्क व्हायला होतं ते पुढे. हे वतन गहाण ठेवता येई, विकता येई, भावाभावांत वाटताही येई. अर्धी पाटीलकी विकली गेली की होळीची पोळी आधी कुणाची, बेंदराला बैल कुणाचा पुढे, यावर तंटे पेटत आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत. निवाड्याला गोतसभा बसे. तिच्या निर्णयाच्या कागदाला महजर म्हणत. सही करता न येणारा त्यावर आपल्या कामाची निशाणी काढी. पाटलाची निशाणी नांगर! अक्षरओळख नसलेल्या माणसाचाही शब्द कागदावर धरला जात होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

या वतनदारांचं बळ राज्यकर्ते ओळखून होते. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात त्यांना जवळजवळ राज्याचे वाटेकरीच मानलं आहे. त्यांना दुखवू नये, पण मोकळंही सोडू नये, असा त्यातला सल्ला.

सेवेपोटी जमीन ही रीत इंग्लंडलाही ठाऊक होती. तिथल्या जुन्या कायद्यात तिला सार्जंटी म्हणत. लिंकनशरमधल्या स्क्रिव्हल्सबीचं डायमोक घराणं आपल्या जहागिरीपोटी राज्याभिषेकात राजाचा पाठीराखा योद्धा म्हणून उभं राही. १६६० च्या कायद्याने तिथली सरंजामी बंधनं गेली, पण असा समारंभाचा मान तेवढा राखला गेला.

आपल्याकडे मानाच्या दुसऱ्या टोकाला वेठ होती. महार वतनदाराने सरकारी सांगावे पोचवायचे, वसुलाच्या रकमेबरोबर जायचं, गावाची शीव राखायची. जमीन वाटण्यांनी तुकड्या-तुकड्यांची होत गेली, तरी राबणूक मात्र साऱ्या घराच्या मानगुटीवर कायम. हे जोखड कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये उतरवलं. महार वतनाच्या जमिनी त्यांनी रयताव्याने, म्हणजे सरकारला थेट सारा भरायच्या मालकीने, कसणाऱ्यांच्या नावे केल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनं रद्द झाली आणि गावचं दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. वंशाने मिळणारी लेखणी नेमणुकीने मिळू लागली! एका संस्थानाने उचललेलं हे पाऊल किती धाडसाचं होतं, ते मुंबई इलाख्याकडे पाहिलं की कळतं. तिथे १८७४ चा वतन कायदा बदलण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणलं, तरी वतन सुटलं नाही. परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५० चा, महार वतनासारख्या कनिष्ठ गाव वतनांचा १९५८ चा. शाहू महाराजांच्या निर्णयानंतर तब्बल चाळीस वर्षांनी!

कायद्याने वतन संपवलं, तरी महाराष्ट्रात कित्येक सातबाऱ्यांवर ‘महार वतन’ ही नोंद अजून भेटते. कनिष्ठ वतनाची जमीन वतनदाराला परत देताना सरकारने ‘नवीन शर्त’ घातली होती, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही; म्हणून अशा जमिनीच्या विक्रीची गोष्ट निघाली की आधी हीच नोंद तपासली जाते.